काही न घडणाऱ्या मालिका आपण का बघतो?

टीव्ही मालिकांचा एक प्रकार असा आहे, की त्याची गोष्ट सांगायला गेलं तर ऐकणारा जांभई देतो. निवृत्त आजोबा डायरी लिहितात. दोन मित्र मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जुनी नाणी शोधत हिंडतात आणि बहुतेक वेळा त्यांना शीतपेयांच्या डब्यांच्या कड्याच सापडतात. शाळकरी मुलगा शेजारच्या मुलीला काहीतरी महत्त्वाचं सांगायला जातो आणि भलतंच बोलून परत येतो. आमच्या बेळगावात हे कुणाला सांगितलं तर लगेच प्रश्न येतो, ‘मग पुढं काय होतंय की?’ खरं उत्तर द्यायचं तर फारसं काही होत नाही. तरीही अशा मालिका संपून वीस-तीस वर्षं लोटली तरी लोक त्या पुन्हा लावतात, आणि भाग संपल्यावर जरा वेळ गप्प बसतात. हे गप्प बसणं कशातून येतं, हा या लेखाचा विषय.

आधी हा प्रकार ओळखायचा कसा ते बघू. यात उदासी असते, पण रडारड नसते. खून, कारस्थान, स्मृतिभ्रंश, जुळ्या बहिणीची अदलाबदल यांना इथे जागा नाही. मृत्यू आलाच तर तो शेजारच्या घरात येतो. मध्यभागी असतात आपल्या रोजच्या मापाच्या गोष्टी: बढती हुकली, जुनी स्कूटर विकली, पोरगा गणितात कसाबसा पास झाला, समोरचे भाडेकरू घर सोडून गेले. दूरदर्शनवर १९८८ साली आलेली ‘वागले की दुनिया’ या जातीची. २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेली, दिलीप प्रभावळकरांच्या आबांची ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही तर आपल्याकडची सगळ्यांत लाडकी. अमेरिकेत १९८८ ते १९९३ या काळात ‘द वंडर इयर्स’ चालली. अलीकडे हिंदीत ‘गुल्लक’ आली. या सगळ्यांचं घर महानगराच्या झगमगाटात नाही आणि खेड्याच्या पारावरही नाही. उपनगर, वसाहत, कॉलनी, लहान शहर, अशा मधल्या जागेत ते आहे.

आता एकच प्रसंग दोन पद्धतींनी लिहून बघू, म्हणजे बरंचसं आपोआप कळेल. बेळगावच्या हिंदवाडीतलं एक घर घ्या. वडील बँकेतून निवृत्त, आई घरात, मुलगा पुण्यात आयटीत. गणपतीच्या पंधरा दिवस आधी मुलाचा फोन येतो, यंदा सुट्टी मिळत नाही.

रोजच्या मालिकेत काय होईल? आईच्या हातून तबक पडेल. तबक पडताना तीन कोनांतून दिसेल. मागे ढोल वाजतील. वडिलांच्या तोंडावर कॅमेरा झपकन जाईल, मग आईच्या, मग कारण नसताना कामवाल्या मावशींच्या. ‘या घराण्यात आजवर असं कधी घडलं नाही’ असं कुणीतरी म्हणेलच. जाहिरात लागेल, आणि उद्याचा भाग पुन्हा त्याच तबकापासून सुरू होईल.

हळू मालिकेत वडील फोनवर म्हणतात, ‘बरं. तिकडं पाऊस हाय काय?’ फोन ठेवतात. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन मूर्तिकाराकडे जातात. दरवर्षीच्या मापाची मूर्ती त्यानं बाजूला काढून ठेवलेलीच असते. वडील ती बघतात, शेजारची लहान मूर्ती बघतात आणि म्हणतात, ‘यंदा ही दे.’ मूर्तिकार विचारतो, ‘का हो काका, दरवर्षीची नको?’ वडील म्हणतात, ‘पाट बदललाय. ही बसत नाही त्यावर.’ पैसे देतात, पावती खिशात घालतात. घरी आल्यावर आई विचारते, ‘झालं काय बुकिंग?’ ‘झालं.’ पुढचा प्रसंग सुरू.

पाट बदललेला नाही हे आपल्याला ठाऊक आहे. मूर्तिकाराला ठाऊक नाही. आईला अजून कळलेलं नाही, पण मूर्ती घरी आली की एका नजरेत कळणार. मोठी मूर्ती उचलायला तरणं माणूस लागतं, हे वाक्य कुणीच बोललेलं नाही. ते प्रेक्षकानं मनात म्हटलं. पहिल्या पद्धतीत दुःख पात्रांनी करून दाखवलं आणि आपण ते बघितलं. दुसऱ्या पद्धतीत पात्रानं दुःख झाकलं, म्हणून ते करायचं काम आपल्याकडे आलं. या मालिकांचं सगळं गणित एवढ्यावर उभं आहे. स्वतः जोडून काढलेली गोष्ट दुसऱ्यानं सांगितलेल्या गोष्टीपेक्षा आत रुतते. आपल्या काव्यशास्त्राला हे नवीन नाही. काव्यातलं मोलाचं ते सुचवलेलं असतं, थेट सांगितलेलं नसतं, हे आनंदवर्धनानं नवव्या शतकातच ‘ध्वन्यालोका’त मांडून ठेवलंय.

मग हे सगळं उपनगरातच का घडतं? त्यासाठी उपनगर ही जागा कशी तयार झाली ते थोडक्यात बघावं लागेल. लंडनमधून बाहेर जाणाऱ्या मेट्रोपॉलिटन रेल्वेकडे रुळांच्या कडेला जादा जमीन होती. तिथे घरं उठवायची आणि त्या घरांतले लोक रोज आपल्याच गाडीनं कामाला न्यायचे, असा हिशेब कंपनीनं केला आणि १९१५ पासून त्या पट्ट्याची ‘मेट्रोलँड’ म्हणून जाहिरात सुरू केली. गावची हिरवाई आणि शहरातली नोकरी, दोन्ही एकाच तिकिटात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लेविटाउन उभं राहिलं. १९४७ ते १९५१ या काळात तिथे १७,००० हून जास्त घरं बांधली गेली, जवळजवळ एकाच साच्यातली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या नव्या संसारांना डोक्यावर छप्पर मिळालं, पुढे अंगण मिळालं, कुंपण मिळालं.

म्हणजे उपनगरात राहायला जाणारा माणूस तिथे काहीतरी मिळवून पोचलेला असतो. कर्ज काढलं, प्लॉट घेतला, घर बांधलं, दारात आंबा लावला. जे हवं होतं ते झालं. त्यानंतर येणारी जी एक संध्याकाळ असते, की सगळं ठीक आहे आणि तरी काहीतरी राहिलंय, ती या मालिकांची खरी वेळ. गरिबीच्या गोष्टीत माणूस काय हवंय ते सांगू शकतो. इथे त्याला तक्रारही करता येत नाही, कारण तक्रार करण्यासारखं काही नाहीच. ब्रिटिश टीव्हीनं हे लवकर हेरलं. १९७८ साली बीबीसीवर आलेल्या ‘बटरफ्लाइज’मधली गृहिणी रिया हिचा नवरा दंतवैद्य, घर छान, दोन्ही मुलं हाताशी आलेली. नवरा वाईट नाही, फक्त फुलपाखरं जमवण्यात गढलेला. आणि बाईला कळत नाही की आपल्याला एवढं रितं का वाटतंय. विनोदी मालिका म्हणून ती दाखवली गेली, आणि हसता हसता मध्येच ती बोचते.

आमच्याकडे टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर या भागांत हे चित्र जसंच्या तसं नसलं तरी सावली तीच आहे. शिक्षक, बँकवाले, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जन्म घालवलेले सुपरवायझर यांनी इथे घरं बांधली. मुलांना शिकवलं. शिकलेली मुलं पुण्याला, बंगळूरला, त्याहून लांब गेली. शिकवलं ते याचसाठी, त्यामुळे त्याचं दुःख मानायचं तरी कसं? वरच्या मजल्याच्या खोल्या बंद असतात आणि दसऱ्याच्या आधी एकदा उघडून झाडल्या जातात. एखादा पटकथाकार हिंदवाडीच्या गल्लीतून संध्याकाळी नुसता चालत गेला तरी त्याची वही भरेल.

तंत्राच्या बाजूनं बघितलं तर या मालिका काय करतात यापेक्षा काय टाळतात हे जास्त महत्त्वाचं. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं साठवलेल्या हशाचं यंत्र बनवलं, आणि पुढची कित्येक वर्षं कुठे हसायचं हे प्रेक्षकाला यंत्र सांगत राहिलं. ‘द वंडर इयर्स’मध्ये तो हशा नाही. यंत्र काढलं की एखादं वाक्य हसण्याचं आहे की कळवळण्याचं, हे आपण ठरवायचं. दुसरं, संवाद संपल्यावर कॅमेरा लगेच उडी मारत नाही. माणूस खोलीतून गेला तरी खोली दोन-तीन सेकंद तशीच दिसते. पंखा फिरतोय, शेजारच्या कुकरची शिट्टी होते. तिसरं, लोक मुद्द्यावर बोलत नाहीत. मुलाची काळजी वाटत असताना बाप टायरमधल्या हवेबद्दल बोलतो. हे अगदी खरं आहे, आमच्या घरांतले बाप असेच बोलतात. ‘जेवलास काय?’ यात काय काय भरलेलं असतं ते ज्याचं त्याला कळतं.

चौथं साधन निवेदकाचं, आणि त्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ‘द वंडर इयर्स’मध्ये मोठा झालेला केविन स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलतो. टिपऱ्यांकडे आबांची डायरी आहे. ‘गुल्लक’मध्ये तर मातीचा गल्लाच बोलतो. निवेदक आला की घटनेला काळाचं अंतर मिळतं. जे चाललंय ते संपून गेलेलं आहे हे आपल्याला आधीच कळतं, आणि त्यातून उदासी झिरपते. पण याच सोयीचा गैरवापरही होतो. आपण जे नुकतंच डोळ्यांनी बघितलं तेच निवेदक सुविचाराच्या फळ्यावर लिहिल्यासारखं पुन्हा सांगतो. ‘गुल्लक’ मला आवडते, तरी तिच्या काही भागांच्या शेवटी त्या गल्ल्याला जरा गप्प बस म्हणावंसं वाटतं. पाट बदललाय म्हणणाऱ्या बापानंतर कुणी येऊन ‘मुलं दूर गेली की घर मोठं होतं’ असं ऐकवलं, तर सगळं मुसळ केरात.

आता मूळ कोड्याकडे येऊ. उदास व्हायला होणार हे माहीत असून माणूस असं काही बघतोच का? भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी, म्हणजे टिकून राहणारे, भाव आहेत: शोक, क्रोध, भय वगैरे. त्यांच्या जोडीला तेहतीस व्यभिचारी भाव, ज्यांना संचारीही म्हणतात. येऊन जाणारे, अंगावरून वाऱ्यासारखे निघून जाणारे. त्यांत चिंता आहे, स्मृती आहे, विषाद आहे, औत्सुक्य आहे, निर्वेद आहे. रोजची मालिका स्थायी भाव घट्ट धरून बसते; शोक म्हणजे शोक, चाळीस भाग. हळू मालिका जवळजवळ सगळी संचारी भावांवर चालते असं मला वाटतं. मूर्तिकाराच्या दुकानात त्या बापाला शोक झालेला नाही. थोडी स्मृती, थोडी चिंता, किंचित लाज, असं काहीतरी अर्ध्या मिनिटात येऊन गेलं. आपल्या दिवसाचा बहुतेक भाग असल्याच भावांचा असतो, पण त्यांना पडद्यावर मान मिळालेला क्वचितच दिसतो. तो दिसला की बरं वाटतं.

दुसरा भाग साधारणीकरणाचा. भट्टनायकानं मांडलेली आणि अभिनवगुप्तानं पुढे नेलेली ही कल्पना सोप्या शब्दांत अशी: रंगमंचावरचं दुःख ना पूर्ण त्या पात्राचं राहतं, ना पूर्ण माझं होतं. ते सगळ्यांचं होतं, म्हणून त्याची झळ न लागता चव घेता येते. माझा मुलगा खरंच येणार नसेल तर मी ती मूर्ती शांतपणे बघू शकणार नाही. पडद्यावरच्या बापाचं मात्र बघू शकतो, आणि बघता बघता स्वतःचंही थोडं बघून होतं.

आधुनिक संशोधन वेगळ्या वाटेनं जवळपास तिथेच येतं. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं परमुलखातल्या स्विस माणसांच्या घरओढीला रोग ठरवून ‘नॉस्टॅल्जिया’ असं नाव दिलं. आज मानसशास्त्र तिला रोग मानत नाही. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी गेल्या वीसेक वर्षांत दाखवलंय, की एकटं वाटू लागलं की माणूस जुन्या आठवणींकडे वळतो, आणि त्या आठवणींमुळे आपल्याला कुणी आहे ही जाणीव वाढते. पडद्यावरच्या माणसांशी एकतर्फी ओळख जमते हेही हॉर्टन आणि वोल या दोघा संशोधकांनी १९५६ सालीच लिहून ठेवलं. टिपऱ्यांचे आबा आपल्याला ओळखत नाहीत, पण आपण त्यांना चांगलं ओळखतो. एकट्या राहणाऱ्या आजीसाठी ही ओळख लहान गोष्ट नाही.

एवढं सगळं चांगलं असेल तर अशा मालिका थोड्या का? पैशांचा प्रश्न. आठवड्याला सहा भाग म्हटलं तर वर्षाला तीनशेच्या वर भाग होतात. एवढ्या वेगात कुणी मूर्तिकाराच्या दुकानातला अर्धा मिनिट शोधत बसत नाही. ढोल वाजवणं स्वस्त पडतं. टिपरे आठवड्यातून एकदा यायचे. ‘गुल्लक’चा एक सीझन पाच भागांचा. शेतात नाणी शोधणाऱ्या मित्रांची, बीबीसीवरची २०१४ ची ‘डिटेक्टोरिस्ट्स’, तिचा सहा भागांचा. आणि लेखन, दिग्दर्शन, मुख्य भूमिका सगळं मॅकेन्झी क्रूक या एकाच माणसाचं. कमी भाग असले की लिहिणाऱ्याला श्वास घेता येतो.

या प्रकारावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला पटतो. ही सगळी सुस्थितीतल्या घरांची स्वतःकडे प्रेमानं बघण्याची सोय आहे. दिवाणखान्यातली उदासी दिसते, पण त्या उदासीच्या वेळी चहा कोण टाकतं? भांडी घासून संध्याकाळी अनगोळकडे चालत जाणाऱ्या मावशींची उदासी कुठे आहे? वडगाव-शहापुरात मागावर बसणाऱ्याच्या घरातही बढती हुकण्याएवढी छोटी दुःखं असतात, पण गरिबाला पडद्यावर मोठंच दुःख द्यायचं अशी जणू रीत आहे. त्यालाही पाट बदलल्याची थाप मारायचा हक्क मिळायला हवा.

आणि मग आमचा स्वतःचा प्रश्न. मराठी मालिका मुंबईच्या, पुण्याच्या, फार तर कोल्हापूरच्या घरात घडतात. कन्नड मालिका बंगळूर-म्हैसूरकडे. बेळगावचं घर दोन्हींच्या मधे आहे आणि दोन्हींत नाही. सीमाभाग म्हटला की बातमीत येतात ते मोर्चे, काळा दिवस, दगडफेक. १९५६ ची भाषावार पुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हा सगळा क्रम इथल्या पोराला पाठ असतो. पण त्या क्रमाच्या आत लोक जे रोज जगतात त्याची मालिका कुणी केलेली नाही. ती केली तर हाच हळू प्रकार लागेल, कारण मोठा इतिहास बाजूच्या खोलीत ठेवून छोटं माणूस मध्ये बसवण्याची युक्ती याच प्रकाराकडे आहे. ‘द वंडर इयर्स’च्या पहिल्याच भागात व्हिएतनाम युद्ध येतं, ते समोरच्या मुलीच्या भावाच्या मरणातून. लढाई दिसत नाही, गल्ली दिसते.

आमच्याकडचा माल तयार आहे. घरी आलेली कन्नडमधली सरकारी नोटीस आजी नातवाला वाचायला देते, कारण मधल्या पिढीला बोलता येतं पण सरळ वाचता येत नाही. नातू शाळेत शिकलाय म्हणून तो घरात अचानक मोठा होतो. टिळकवाडीत रेल्वेचं गेट पडलंय, आणि दोन बाजूंना दोन स्कूटरवर पूर्वी एकत्र शिकलेले दोघं समोरासमोर थांबलेत. गाडी जाईपर्यंत बोलता येत नाही, गेल्यावर वेळ नाही. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरलं त्या वेळची काँग्रेस विहीर, आणि तिच्याजवळून शुगर किती निघाली हे बोलत जाणारे सकाळचे फिरस्ते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेपलीकडे जाणं थांबलं. बातमीवाल्यांनी दगड दाखवले. हळू मालिका निपाणीच्या स्टँडवरची एक बाई दाखवेल. कोल्हापुरात लेकीचं बाळंतपण, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि कंडक्टर सांगतोय, ‘कोगनोळीपर्यंतच जाईल की आक्का, पुढचं तुमचं तुम्ही बघा.’ ती चढते का, की घरी परतते, यावर एक अख्खा भाग निघेल. भाषणाची गरज पडणार नाही.

या प्रकाराची सवय नसेल त्यानं टिपऱ्यांपासून सुरुवात करावी, भाषा आपली आहे आणि विनोद हात धरून नेतो. घरात कन्नड शेजारी बसणार असतील तर शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ लावा. १९८६ ची, आगुंब्यात चित्रित झालेली. उपनगर नाही, गाव आहे, पण नातं याच कुळाशी. इंग्रजी चालत असेल तर ‘डिटेक्टोरिस्ट्स’. एका रात्रीत सगळे भाग संपवू नका, दिवसाला एक पुरे. आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण या मालिकांत महत्त्वाचं जे असतं ते बहुतेक वेळा कुणी बोलत नसताना येतं. मान खाली असेल तर काहीच घडलं नाही असं वाटून तुम्ही बंद कराल.